वितळलेले बर्फ आणि मजुरांचे शहर

आपल्याकडे पूर म्हटला की आषाढ-श्रावण डोळ्यांपुढे येतात. परंतु बर्फाळ डोंगरांतून उतरणाऱ्या नद्यांना मोठा पूर येतो तो वसंतात. हिवाळाभर साठलेले बर्फ हळूहळू वितळले तर नदीला ते झेपते. थंडी लांबली, मग एकाएकी ऊन तापले आणि त्यातच जोराचा पाऊस कोसळला, म्हणजे साऱ्या हिवाळ्याचे पाणी थोड्या दिवसांत खाली येते. अमेरिकेच्या वायव्येकडील कोलंबिया नदीवर १९४८ च्या मे महिन्यात हेच घडले. महिनाअखेर तिच्यातून दर सेकंदाला सुमारे १० लाख घनफूट पाणी वाहत होते. त्या पाण्याने व्हॅनपोर्ट नावाचे मजुरांचे एक अख्खे शहर पुसून टाकले.

हे शहर दुसऱ्या महायुद्धाचे अपत्य. हेन्री कायझर यांच्या गोद्यांत जहाजे बांधण्यासाठी देशभरातून कामगार आले, पण शेजारच्या पोर्टलंड शहरात त्यांना जागा मिळेना. कृष्णवर्णीय कामगारांना तर एका ठराविक वस्तीबाहेर घर देण्यासच दलाल तयार नसत. तेव्हा १९४२ मध्ये नदीकाठच्या सखल जमिनीवर, चहूबाजूंच्या बांधांच्या आत, लाकडी घरे घाईने उभारण्यात आली. ऐन भरात तेथे सुमारे ४० हजार माणसे राहत. ओरेगन राज्यातील ते दुसऱ्या क्रमांकाचे शहर ठरले. परंतु तेथे नगराध्यक्ष नव्हता, निवडून दिलेली नगरसभा नव्हती. सारा कारभार पोर्टलंडच्या गृहनिर्माण मंडळाच्या हाती होता.

युद्ध संपले तरी १९४८ मध्ये तेथे सुमारे १८,५०० रहिवासी होते आणि त्यांतील जवळजवळ तिसरा हिस्सा कृष्णवर्णीयांचा होता. ३० मे, रविवार. सकाळी मंडळाने घरोघर पत्रके वाटली : बांध सुरक्षित आहेत, जरूर पडल्यास सूचना मिळेल, घाबरू नका. मंडळाने स्वतःची दप्तरे मात्र हलविली होती. जवळच्या शर्यतींचे घोडेही हलविण्यात आले होते.

दुपारी ४ वाजून १७ मिनिटांनी पश्चिमेचा बांध फुटला. तो मुळात आगगाडीच्या रुळांसाठी घातलेला भराव होता. घरे पायावरून उचलली जाऊन एकमेकांवर आदळू लागली. सुट्टीमुळे पुष्कळ लोक बाहेर होते आणि मधल्या ओढ्या-डबक्यांनी लोंढा काही वेळ थोपविला, म्हणून मृतांचा आकडा १५ वर थांबला. बेघर मात्र सारेच झाले. रहिवाशांनी केंद्र सरकारवर दावे लावले. न्यायालयांनी सरकार जबाबदार नाही असा निर्णय दिला. पुढे १९६१ मध्ये अमेरिका व कॅनडा यांनी या नदीविषयी करार केला, धरणे झाली, पुराला आळा बसला. व्हॅनपोर्ट पुन्हा वसले नाही. तेथे आता उद्यान, गोल्फचे मैदान आणि मोटारींच्या शर्यतींचा मार्ग आहे.

बर्फ किती साठेल, पाऊस केव्हा येईल, हे कोणाच्या हाती नसते. पण मजुरांना सखल जागी कोणी वसविले, बांधाची खरी स्थिती कोणाला सांगितली आणि कोणापासून झाकली, ही माणसांचीच कृत्ये होत. व्हॅनपोर्टच्या रहिवाशांचा स्वतःचा एकही निवडलेला प्रतिनिधी मंडळाच्या दारी जाऊन, "दप्तरे का हलविता?" असे विचारू शकला नाही. जे बांधाखाली झोपतात त्यांना हा प्रश्न विचारण्याचा अधिकार हवा, आणि तो पूर येण्याच्या आधी हवा.