अवतरणचिन्हे, मराठी शालेय संवादलेखनातील

बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहून दाखविताना त्यांच्या आरंभी व शेवटी ज्या खुणा घालतात, त्यांना अवतरणचिन्हे म्हणतात. प्रत्यक्ष उच्चारलेल्या शब्दांसाठी दुहेरी (“ ”), तर त्या उद्‌गारांत आलेल्या दुसऱ्या कोणाच्या शब्दांसाठी किंवा एखाद्या शब्दाकडे लक्ष वेधण्यासाठी एकेरी (‘ ’) चिन्हे वापरण्याचा संकेत मराठी शालेय व्याकरणांत रूढ आहे. ही चिन्हे एकोणिसाव्या शतकात इंग्रजी मुद्रणाच्या अनुकरणाने मराठीत आली. तत्पूर्वी त्यांचे कार्य भाषेतील शब्दच करीत असत.

संस्कृतमध्ये उद्‌गाराच्या शेवटी ‘इति’ येते. मराठीत त्या जागी ‘असे’ किंवा ‘म्हणून’ येते. ‘म्हणून’ हे ‘म्हणणे’ या धातूचेच रूप होय. कन्नडमधील ‘एंदु’ व तेलुगूतील ‘अनि’ यांची घडणही अशीच आहे. लीळाचरित्र हा तेराव्या शतकाच्या अखेरीचा महानुभाव गद्यग्रंथ संवादांनी भरलेला आहे. परंतु कोण बोलत आहे हे तेथे बोलणाऱ्याचा निर्देश व ‘म्हणणे’ या क्रियापदाची रूपे यांवरून कळते. पेशवेकालीन पत्रव्यवहारातही दुसऱ्याने कळविलेला मजकूर देऊन ‘म्हणोन’ या शब्दाने तो संपविण्याची पद्धत होती. मोडी लेखनात शब्द सलग लिहीत व विरामचिन्हे घालीत नसत. लेखक व वाचक दोघेही या पद्धतीत मुरलेले कारकून असल्यामुळे त्यांचे सहसा अडत नसे.

छापील शालेय पुस्तकांमुळे ही स्थिती पालटली. मुंबईत १८२२ मध्ये स्थापन झालेल्या शाळापुस्तक मंडळीने मराठी पाठ्यपुस्तके तयार करण्यास आरंभ केला. या पुस्तकांचा वाचक मुरलेला कारकून नसून नवशिका बालक होता. त्याला वाक्य कोठे थांबते व कोणाचे बोलणे कोठे संपते, हे डोळ्यांनी दिसणे आवश्यक होते. मराठीत विरामचिन्हे रुजविण्याचे श्रेय सामान्यतः मेजर टॉमस कँडी (१८०४–७७) यांना देतात. मोल्सवर्थ यांच्या कोशकार्यातील हे सहकारी पुढे सरकारी मराठी भाषांतरकार झाले व शालेय पुस्तकांच्या भाषेवर त्यांची देखरेख राहिली. विरामचिन्हांची परिभाषा ही त्यांची पुस्तिका १८५० मध्ये प्रसिद्ध झाली.

चिन्ह परके असले, तरी त्याची गरज मराठीच्या स्वतःच्या रचनेतही होती. ‘गंगू म्हणाली की मी उद्या निमगावला जाईन’ या वाक्यातील ‘मी’ म्हणजे गंगू की वाक्य लिहिणारा, हे केवळ शब्दांवरून ठरत नाही. ‘की’ नंतरही मराठीत बोलणाऱ्याचा प्रथमपुरुष कायम राहू शकतो. ‘गंगू म्हणाली, “मी उद्या निमगावला जाईन”’ असे लिहिताच संदेह नाहीसा होतो. अप्रत्यक्ष कथन करावयाचे झाल्यास मराठी ‘आपण उद्या निमगावला जाणार असल्याचे गंगूने सांगितले’ अशी रचना करते. मुलांच्या लेखनात ‘की’ आणि अवतरणचिन्हे पुष्कळदा एकत्र आढळतात. त्याचे कारण केवळ निष्काळजीपणा नव्हे; बोलण्याची जुनी खूण व लेखनाची नवी खूण ती मुले एकाच वेळी वापरीत असतात.

अध्यापनात म्हणून प्रथम उतारा मोठ्याने वाचून प्रत्यक्ष तोंडून निघालेले शब्द वेगळे काढावयास सांगणे इष्ट ठरते. ‘म्हणाली’, ‘विचारले’ यांसारखे शब्द चिन्हांच्या बाहेर राहतात व त्यांच्यापुढे स्वल्पविराम येतो. प्रश्न बोलणाऱ्याचा असेल, तर प्रश्नचिन्ह आत येते : आईने विचारले, “तू कधी आलीस?” प्रश्न लिहिणाऱ्याचा असेल, तर ते बाहेर जाते : ती खरोखरच “येते” म्हणाली का? बोलणारा बदलला की नवा परिच्छेद करावा, असा संकेत आहे. नाटकाच्या संहितेत पात्राचे नाव स्वतंत्रपणे दिलेले असल्यामुळे अवतरणचिन्हांची गरज उरत नाही.

या चिन्हांना ग्रामीण शाळेत आणखी एक महत्त्व आहे. तेथील पुष्कळ मुलांची घरची बोली पुस्तकातील प्रमाणभाषेहून वेगळी असते व ती लेखनात उतरली की अशुद्ध ठरते. अवतरणचिन्हांच्या आत मात्र तिला अधिकृत स्थान आहे. शासनाने १९६२ मध्ये मान्य केलेल्या चौदा लेखननियमांत १९७२ मध्ये चार नियमांची भर पडली. या अठरा नियमांनुसार पात्राच्या तोंडी बोली घातली असता ती उच्चाराप्रमाणे लिहावयाची असते. कोणाचे बोलणे उद्‌धृत करताना ‘असे’, ‘केले’ यांऐवजी ‘असं’, ‘केलं’ ही रूपेही त्यांत ग्राह्य आहेत. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील प्रभृतींच्या कथालेखनाने निवेदनाची व संवादाची भाषा अशी वेगळी राखण्याची रीत वाचकांच्या परिचयाची केली आहे. विद्यार्थ्याच्या वहीत “म्या न्हाई केलं” हे वाक्य चिन्हांबाहेर चूक ठरते, तर चिन्हांच्या आत ती बोलणाऱ्याची यथार्थ नोंद ठरते. या दोहोंतील भेद शिक्षकाने समजावून दिल्यास प्रमाणलेखन शिकत असतानाही मुलाला आपली बोली टाकून द्यावी लागत नाही.