घरात कन्नड, नकाशात महाराष्ट्र

नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जाहीर केलं की, सोलापूर आणि अक्कलकोट हे कन्नड भाषक भाग कर्नाटकात यायला हवेत. त्या दिवशी माझ्या मोबाइलवर दोन्ही बाजूंचे मेसेज येऊन पडले. एका मेसेजमध्ये आम्ही सगळे मराठी होतो, दुसऱ्यात सगळे कन्नड. मी सोलापूरचा. आमच्याकडे भाषेच्या बाबतीत ‘सगळे’ असं काही कधी नव्हतंच.

आमचे ग्रामदैवत सिद्धेश्वर म्हणजे बाराव्या शतकातले शरण सिद्धरामेश्वर. त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत. संक्रांतीला त्यांची गड्ड्याची यात्रा भरते, नंदीध्वज निघतात, तेव्हा गर्दीत मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी असं सगळंच कानावर पडतं. सोलापुरी चादर अख्ख्या महाराष्ट्राची ओळख. पण ती विणणारे पद्मशाली विणकर मूळचे तेलंगणातले. शहराच्या पूर्व भागात आजही घराघरात तेलुगू बोलली जाते. दुकानात मराठी, घरात तेलुगू, मित्रांशी ‘काय बे’. यात कोणाला काही विशेष वाटत नाही.

मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर हे शहर पेटलं. इंग्रजांनी इथे मार्शल लॉ लावला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिली: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. ही नावं एकदा सावकाश वाचा. कोणाच्या घरी कोणती भाषा, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही.

मग तो पुढे आला कुठून? भाषावार प्रांतरचनेतून. मागणी न्याय्यच होती. लोकांना त्यांच्या भाषेत कारभार हवा होता. अडचण आली ती रेषा ओढताना. १९५६ मध्ये बेळगाव आणि कारवारचा भाग म्हैसूर राज्यात गेला आणि सीमाप्रश्न सुरू झाला. आपल्या बाजूने निकष मांडले गेले: खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुमत आणि लोकेच्छा. याच निकषांवर १९५७ मध्ये तेव्हाच्या मुंबई राज्याने ८१४ गावं मागितली.

पुढचं मात्र आपल्या भाषणांत फारसं येत नाही. त्याच प्रस्तावात आपल्याकडची २६० कन्नड गावं देण्याची तयारीही होती. तत्त्व म्हणून हे प्रामाणिक होतं. पण त्या यादीतल्या माणसांसाठी त्याचा अर्थ काय? तुमची मातृभाषा कन्नड, म्हणजे तुम्ही तिकडचे. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला. १९६७ च्या त्याच्या अहवालात निपाणी, खानापूरसह २६४ गावं महाराष्ट्राला आणि अक्कलकोटसह २४७ गावं कर्नाटकाला द्यावीत, बेळगाव मात्र कर्नाटकातच राहावं, असं होतं. महाराष्ट्राने तो नाकारला, कर्नाटकाने धरून ठेवला.

या सगळ्या हिशेबात मातृभाषा आणि निष्ठा एकच धरली आहे. तसं असतंच असं नाही. १९२१ मध्ये युरोपात अप्पर सायलेशिया जर्मनीत ठेवायचा की पोलंडला द्यायचा, यावर सार्वमत झालं. तिथे पोलिश बोलणारे जास्त होते, तरी सुमारे साठ टक्के मतं जर्मनीला पडली. घरी पोलिश बोलणाऱ्या अनेकांनी जर्मनी निवडला होता.

२०२२ मध्ये जत आणि अक्कलकोट तालुक्यांतल्या काही गावांनी कर्नाटकात जाण्याची भाषा केली, तेव्हा त्यांच्या तक्रारी नीट ऐका: पाणी नाही, रस्ते नाहीत. भाषेचा मुद्दा सरकारला जागं करण्यासाठी हाताशी आला होता. त्याच डिसेंबरमध्ये बेळगावजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, दोन्ही विधिमंडळांनी एकमेकांविरुद्ध ठराव केले. ठरावाने कोणत्याही गावाला पाणी मिळालं नाही.

बेळगावच्या मराठी माणसाचं दुःख खरं आहे. त्याला त्याच्या भाषेत सरकारी कागद मिळायला हवेत, मुलांना मराठी शाळा हवी. पण हा हक्क आपण मागतो, तेव्हा अक्कलकोटच्या कन्नड शाळेलाही तोच हक्क लागू होतो. अल्पसंख्याक मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण मिळावं, असं संविधानाचं कलम ३५० अ सांगतं, आणि ते कलम १९५६ मध्येच, राज्यांच्या सीमा बदलताना, आलं. महाराष्ट्राने २००४ मध्ये केलेला दावा अजून सर्वोच्च न्यायालयात आहे. रेषा कुठे पडायची तिथे पडेल. अक्कलकोटच्या कन्नड शाळेत पुरेसे शिक्षक आहेत का, हे मात्र आपल्या सरकारला आजच विचारता येतं. ते विचारणारा आवाज मराठी असेल, तर बेळगावातली आपली मागणीही जास्त खरी वाटेल.