कानबान : काम थांबवणाऱ्या चिठ्ठीचा इतिहास

१/ आठवड्याचे नियोजन करताना आज अनेक जण फलकावर तीन रकाने आखतात : 'करायचे', 'चालू', 'झाले'. प्रत्येक काम चिठ्ठीवर लिहायचे आणि काम पुढे जाईल तशी चिठ्ठी सरकवायची. या फलकाला 'कानबान' म्हणतात. हा जपानी शब्द असून त्याचा मूळ अर्थ दुकानावरची पाटी. पद्धत म्हणून मात्र कानबान जन्मले ते मोटारींच्या कारखान्यात, आणि तेही नको असलेले काम थांबवण्यासाठी.

२/ दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानमध्ये भांडवल तुटपुंजे होते आणि बाजारपेठ लहान. १९४९-५० च्या मंदीत टोयोटा दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोहोचली. कामगारकपात झाली, संप झाला आणि १९५० मध्ये संस्थापक किइचिरो टोयोडा यांनी अध्यक्षपद सोडले. न खपणारा माल बनवून ठेवणे या कंपनीला परवडण्याजोगे नव्हते.

३/ यंत्रशाळेची जबाबदारी सांभाळणारे ताईची ओनो (१९१२-१९९०) याच प्रश्नाशी झुंजत होते. प्रत्येक विभाग जमेल तेवढे सुटे भाग बनवी आणि पुढच्या विभागाकडे ढकलून देई. अमेरिकेतील सुपरमार्केटच्या रीतीत ओनोंना उत्तर दिसले : ग्राहक जेवढे उचलतो, तेवढेच फळीवर पुन्हा भरायचे. पुढचा विभाग म्हणजे ग्राहक, मागचा म्हणजे दुकान.

४/ हा निरोप मागे पोहोचवण्याचे साधन म्हणजे कानबान. सुट्या भागांच्या पेटीसोबत एक चिठ्ठी असे. भाग वापरले गेले की चिठ्ठी मागे जाई. तोच नवे भाग बनवण्याचा परवाना. चिठ्ठी नाही, तर उत्पादन नाही. चिठ्ठ्यांची संख्या ठरलेली असल्याने साठा वाढण्यास वावच उरत नसे. १९५३ मध्ये यंत्रशाळेत सुरू झालेली ही रीत १९६२ च्या सुमारास कंपनीभर पसरली.

५/ ओनोंनी अपव्ययाचे सात प्रकार सांगितले. त्यांत गरजेपेक्षा अधिक उत्पादन हा सर्वांत घातक, कारण साठ्याच्या ढिगाआड इतर सर्व दोष झाकले जातात.

६/ या व्यवस्थेला दुसरी बाजूही आहे. पत्रकार सातोशी कामाता यांनी १९७२ मध्ये टोयोटात हंगामी कामगार म्हणून काम केले आणि सरकत्या पट्ट्यावरील जीवघेण्या वेगाचे चित्र पुस्तकातून मांडले. चिठ्ठीने मालाच्या साठ्याला मर्यादा घातली. माणसाच्या श्रमाला ती आपोआप लाभली नाही.

७/ एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात डेव्हिड अँडरसन यांनी हे तत्त्व सॉफ्टवेअरच्या कामात आणले. तेथे गोदाम दिसत नाही. अर्धवट राहिलेली कामे हाच साठा. २०११ मध्ये जिम बेन्सन आणि टोनियान डिमारिया बॅरी यांनी वैयक्तिक कानबानवर पुस्तक लिहिले. त्यात नियम दोनच : काम डोळ्यांसमोर मांडा आणि एका वेळी हाती घेतलेल्या कामांना मर्यादा घाला. त्याच वर्षी आलेल्या ट्रेलोमुळे असे फलक संगणकाच्या पडद्यावर सहज आखता येऊ लागले.

८/ या प्रवासात रकाने टिकले, मर्यादा मात्र पुष्कळदा गळाली. 'चालू'खाली बारा चिठ्ठ्या असलेला फलक म्हणजे ओनोंना नको असलेले तेच गोदाम. म्हणून आठवड्याच्या आरंभी 'चालू'च्या डोक्यावर एक आकडा लिहावा, समजा, तीन. एक प्रकरण वाचायचे आहे, एक निबंध अर्धा झाला आहे, एका परीक्षेची उजळणी सुरू आहे : जागा संपली. चौथे काम कितीही मोहक असले, तरी या तिन्हींपैकी एक 'झाले'मध्ये जाईपर्यंत त्याने थांबावे.

९/ कारखान्यात या मर्यादेने कंपनीचे भांडवल वाचवले. घरच्या फलकावर मर्यादा ठरवणारा आणि श्रम करणारा माणूस एकच असतो. कामाताने पाहिलेल्या कामगाराला जो आकडा ठरवण्याचा अधिकार नव्हता, तो येथे आपल्या हाती आहे. तो रिकामा सोडू नये.

(समाप्त)