कायोटी: शंभर वर्षं मारला, तरी संपला नाही



मागच्या मंगळवारी पहाटे आमच्या खालच्या रानात दोन मेंढरं मरून पडली. खतासाठी तात्यांचा कळप बसवला होता. वाघूर एका कोपऱ्यात फाटलेली, तिथूनच काहीतरी आत शिरलं. उजाडायच्या आत निम्मी वस्ती गोळा झाली आणि सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, लांडगा.

तात्या म्हणाले, मेलेल्या मेंढरात दाणेदार औषध घालून ठेवू. माझ्या पुतण्यानं मोबाईल काढला. अमेरिकेतला व्हिडिओ होता. एक माणूस झुडपाला पाठ लावून बसलाय, शिट्टी फुंकतोय, लांबून कोल्ह्यासारखं जनावर पळत येतं आणि एका गोळीत आडवं. पुतण्या म्हणाला, "काका, त्यांना चालतं, आपल्याला का नाही?"

कायद्याचं उत्तर सोपं आहे. लांडगा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मारला तर किमान तीन वर्षं आत. पण एवढ्यानं पोरांचं समाधान होत नाही आणि ते बरोबरही आहे. म्हणून त्या व्हिडिओतल्या जनावराचा इतिहासच लिहायला घेतला.

त्याचं नाव कायोटी. कोल्ह्यापेक्षा मोठा, लांडग्यापेक्षा लहान, दहा-पंधरा किलोचा. नाव मेक्सिकोच्या जुन्या नहुआत्ल भाषेतलं. १८०४ साली लुईस आणि क्लार्क यांची तुकडी पश्चिमेकडं निघाली तेव्हा त्यांनी याला माळाचा लांडगा म्हणून नोंदवलं. १८२३ मध्ये थॉमस से यानं शास्त्रीय नाव दिलं, त्याचा अर्थ भुंकणारा कुत्रा. तोवर तो मुख्यतः माळरानाचा आणि पश्चिमेचा प्राणी होता. पुढं गोऱ्या लोकांनी गवे संपवले, त्या कुरणांवर गाई-मेंढ्या आणल्या आणि लांडग्यांना विष घालायला सुरुवात केली. विष होतं स्ट्रिक्नीन. कोकणात काजऱ्याचं झाड असतं ना, त्याच्या बियांमध्ये असतं तेच. मोठा लांडगा बहुतेक ठिकाणांहून नाहीसा झाला. त्याची मोकळी जागा घेतली कायोटीनं.

१९१५ साली अमेरिकी संसदेनं असे शिकारी प्राणी मारायला सव्वा लाख डॉलर मंजूर केले आणि सरकारी पगारावर शिकारी नेमले. १९३१ मध्ये त्यासाठी वेगळा कायदाच केला. इथून पुढचं वाचताना माझ्या अंगावर काटा आला. कुठं काय केलं नाही त्यांनी! सापळे लावले, बिळातून पिल्लं काढली, विमानातून गोळ्या घातल्या. चाळीसच्या दशकात थॅलियम आणि दहा-ऐंशी नावाचं विष आलं. जमिनीत रोवायची एक नळी होती, वर वासाचं आमिष. जनावरानं तोंडानं ओढलं की काडतूस उडून सायनाईड थेट तोंडात. तिची स्प्रिंगवाली धाकटी बहीण पुढं कितीतरी वर्षं वापरात राहिली. २०१७ साली आयडाहो राज्यात एका चौदा वर्षांच्या पोराचा हात घराजवळच तिला लागला. पोरगा वाचला, सोबतचा कुत्रा त्याच्या डोळ्यांदेखत मेला.

कुत्र्याचं वाचून मी पुढं वाचायचा थांबलो. सांगतो का ते. नव्वदच्या आसपास आमच्याही दोन शेळ्या गेल्या होत्या आणि वडिलांनी उरलेल्या मांसात औषध घालून ओढ्याला ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी तिथं सात-आठ कावळे, एक घार आणि आमचा मोती पडलेला होता. मोती सहा वर्षं गोठ्याची राखण करत होता. राखणदारच गेल्यावर आठवड्यात तिसरी शेळी गेली. वडील त्या विषयावर परत कधी बोलले नाहीत.

तिकडंही विषाला ब्रेक लागला तो असाच. १९७१ मध्ये वायोमिंग राज्यात कॅस्पर गावाजवळच्या एका दरीत गरुड मरून पडलेले सापडले. थॅलियम घातलेलं मांस खाल्लं होतं. देशभर बोंब झाली. सरकारी समित्या तर १९६४ पासून सांगत होत्या, की ही मारामारी गरजेपेक्षा जास्त आणि आंधळी चाललीय. शेवटी ८ फेब्रुवारी १९७२ ला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनींवर असं विष वापरायला बंदी घातली. त्याच वर्षी सप्टेंबरात आपला वन्यजीव कायदा आला. आपल्याकडं बहात्तर म्हटलं की दुष्काळच आठवतो, पण ते साल याही कारणासाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आणि एवढं करून कायोटी कमी झाला का? उलट पसरला. आज हवाई सोडून प्रत्येक राज्यात आहे. शिकागोसारख्या शहरातसुद्धा.

असं का झालं, हे आपल्या कृषी सहाय्यक मंडळींनी जरूर वाचावं. कायोटीची जोडी आपला इलाखा धरून राहते आणि दुसऱ्यांना आत येऊ देत नाही. जोडी मारली की इलाखा मोकळा पडतो आणि बाहेरचे तरणे नर-माद्या घुसतात. संख्या घटली की उरलेल्यांना खायला भरपूर, मग पिल्लंही जास्त जगतात. १९७५ मध्ये कॉनोली आणि लाँगहर्स्ट या कॅलिफोर्नियातल्या अभ्यासकांनी गणित मांडलं. दरवर्षी शंभरातले पंच्याहत्तर मारत राहिलात, तर संपायला पन्नास वर्षांहून जास्त लागतील. एवढे मारणं कुणाच्या बापाला जमणार?

बरं, सगळे कायोटी मेंढरं खातात असंही नाही. अ‍ॅडॉल्फ म्यूरी यांनी यलोस्टोनमध्ये पाच हजारांवर लेंड्या तपासून १९४० साली लिहिलं, की याचं मुख्य खाणं उंदीर-घुशींच्या जातीचे प्राणी. नव्वदच्या दशकात उत्तर कॅलिफोर्नियातल्या हॉपलंड संशोधन केंद्रावर कायोटींना रेडिओ पट्टे लावून बघितलं. बहुतेक मेंढरं मारत होती ती त्या इलाख्याची पिल्लंवाली जोडी. आणि सापळ्यात सापडत होते ते बहुतेक दुसरेच! म्हणजे गुन्हा एकाचा, फाशी भलत्याला, आणि मेंढपाळाचं नुकसान चालूच. १९८५ मध्ये तिथं मेंढीच्या गळ्यात बांधायचा विषाचा पट्टा मंजूर झाला तो याच विचारानं. जो गळा धरेल तोच मरेल.

आता पोरांच्या त्या व्हिडिओबद्दल. ती शिट्टी सशाच्या शेवटच्या किंकाळीची नक्कल करते. टेक्सासमधल्या बर्नहॅम भावांनी पन्नासच्या दशकात अशा शिट्ट्या विकून नाव काढलं. आता रिमोटवरचे भोंगे निघालेत. पण खरं कसब वाऱ्याचं. कायोटी आवाजाकडं सरळ येत नाही, वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो आणि आधी वास घेतो. म्हणून जाणता शिकारी ती बाजू उघडी दिसेल असा बसतो, भोंगा स्वतःपासून लांब ठेवतो, पंधरा-वीस मिनिटं हलत नाही. वेळ पहाटेची नाहीतर तिन्हीसांजेची. बंदूक हलक्या पण वेगवान गोळीची. जनावराच्या मागं काय आहे ते दिसल्याशिवाय चाप ओढायचा नाही. एकदा शिट्टीला फसून वाचलेला कायोटी पुन्हा सहसा फसत नाही. व्हिडिओत हे काही दाखवत नाहीत.

नियमही राज्यागणिक वेगळे. टेक्सासमध्ये बंद हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही, पण शिकारीचा परवाना लागतो. जनावरांवर चालून आलेल्या कायोटीपुरती त्यातून सूट. युटामध्ये २०१२ पासून एका कायोटीमागं पन्नास डॉलर मिळतात. कॅलिफोर्नियानं २०१४ मध्ये बक्षिसाच्या शिकारस्पर्धा बंद केल्या. आणि उत्तर कॅरोलायनात त्याच वर्षी कोर्टानं पाच जिल्ह्यांत कायोटीची शिकार रोखली, कारण तिथं हातावर मोजण्याइतके उरलेले तांबडे लांडगे कायोटी समजून मारले जात होते. पुतण्याला म्हणलं, "भर दिवसा बंदूकवाल्याला फरक कळत नाही, तू बॅटरीच्या उजेडात काय ओळखणार?"

सत्तरच्या दशकापासून तिकडच्या मेंढपाळांनी राखणीची कुत्री आणली. युरोपातली ग्रेट पिरनीज, तुर्कस्तानातली अकबाश. कोकराएवढं पिल्लू असतानाच मेंढरांत सोडायचं, म्हणजे कळप त्याला आपला वाटतो. हे ऐकून तात्या हसले. "हे शिकायला विद्यापीठ लागलं व्हय?" त्यांची स्वतःची दोन कुत्री मात्र त्या रात्री ट्रॅक्टरखाली बांधलेली होती, रस्त्यावरच्या गाड्यांच्या भीतीनं.

तिकडच्या मेंढपाळांची एक सवय मला फार पटली. आधी मेलेलं मेंढरू तपासायचं. कायोटी बहुधा गळा धरतो, जबड्याच्या जरा खाली. कुत्री मागचे पाय, मांड्या, कान, सापडेल तिथं फाडतात. कातडं काढल्यावर दाताच्या भोकाभोवती रक्त साकळलेलं दिसलं तर चावा जिवंतपणीचा, नाहीतर मेल्यावर कुणीतरी खाल्लं.

तर मंगळवारी विष नाही, बंदूक नाही, मेंढराला हात नाही. वन विभागाला आणि पशुवैद्यकांना फोन केला. दुपारी दोघंही आले. पंचनामा झाला. डॉक्टरांनी कातडं सोडवून दाखवलं. दोन्ही मेंढरांचे गळे साफ होते. मांड्या आणि शेपटीकडची बाजू चिंध्या झालेली, खाली काळंनिळं रक्त. ओढ्याच्या चिखलात लहान-मोठ्या मापाचे पाच-सहा जातीचे पंजे. मोकाट कुत्री. वरच्या कोंबड्यांच्या शेडामागं मेलेल्या कोंबड्या टाकतात, तिथं पोसलेली.

कागदावर तसंच लिहिलं गेलं. लांडगा असता तर भरपाई मिळाली असती, कुत्र्यांची मिळत नाही. तात्या काही बोलले नाहीत. संध्याकाळी सुतळी घेऊन वाघुरीचा कोपरा विणत बसले, पुतण्या बॅटरी धरून शेजारी. त्या रात्रीपासून कुत्री मोकळी आहेत. मेलेल्या कोंबड्या खड्डा काढून पुरायच्या, हे शेडवाल्याला सांगायला उद्या आम्ही चौघं जाणार आहोत.