ॲपवर 1600 मीटर 4:50, मग भरतीच्या ग्राउंडवर 5:20 कसं? फिटनेसचे आकडे तपासायची सोपी पद्धत

श्रीपूर, महाळुंग, अकलूज या पट्ट्यात पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली भरपूर आहेत. सकाळचा सराव झाला की ग्रुपवर स्क्रीनशॉट पडायला लागतात. कुणाचं 1600 मीटर 4:50, कुणाचं 100 मीटर 11.2, कुणाची बेंच प्रेस 100 किलो. बघणाऱ्याला वाटतं, आपणच मागे पडलो. काहीजण त्या नादात जास्त पळून पाय दुखावून घेतात. पण हे आकडे मोजले कसे, ते आधी विचारायला हवं.

ग्राउंडवर काय लागतं?

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी 50 गुणांची असते. पूर्ण गुणांसाठी:

- 1600 मीटर (पुरुष): 5 मिनिटं 10 सेकंद किंवा कमी, 20 गुण
- 800 मीटर (महिला): 2 मिनिटं 50 सेकंद किंवा कमी, 20 गुण
- 100 मीटर: पुरुष 11.50 सेकंद, महिला 14 सेकंद, 15 गुण
- गोळाफेक: पुरुष 7.260 किलोचा गोळा 8.50 मीटर, महिला 4 किलोचा गोळा 6 मीटर, 15 गुण

वेळ वाढली किंवा अंतर कमी पडलं की गुण टप्प्याटप्प्याने उतरतात. म्हणजे इथे दोन-तीन सेकंदांचाही हिशोब होतो. फॉर्म भरताना त्या वर्षीची जाहिरात मात्र नक्की वाचा.

आकडा फुगतो कुठे?

1) ग्राउंडच कमी भरतं. गावातलं '400 मीटरचं' ग्राउंड बऱ्याचदा अंदाजाने आखलेलं असतं. समजा ते प्रत्यक्षात 390 मीटर आहे. चार राउंड म्हणजे 1560 मीटर. त्यात तुमची वेळ 5:05 आली, तर त्याच वेगाने पूर्ण 1600 मीटरला साधारण 5:13 लागतील. पैकीच्या पैकी गुण गेले!

2) जीपीएसची चूक. मोकळ्या आकाशाखालीसुद्धा फोनचं जीपीएस साधारण 5 मीटर इकडेतिकडे दाखवू शकतं. शिवाय फोन थोड्या थोड्या वेळाने एक बिंदू टिपतो आणि बिंदू सरळ रेषेने जोडतो, त्यामुळे वळण कापलं जातं. कधी उलटं होतं, बिंदू वाकडेतिकडे पडून अंतर वाढतं. सरळ रस्त्यावर 10 किलोमीटर पळताना हे फारसं जाणवत नाही, पण छोट्या गोल ग्राउंडवर चांगलंच जाणवतं.

3) 'मूव्हिंग टाइम'. स्ट्राव्हा पळण्याचा वेग काढताना साधारणपणे थांबलेला वेळ वगळतं. कुणी 400 मीटरचे चार राउंड मध्ये दम खात मारले, तरी स्क्रीनवर वेग भारीच दिसतो. म्हणून 'इलॅप्स्ड टाइम' बघा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत घड्याळ किती पळालं, ते तिथे कळतं.

4) मित्राचं स्टॉपवॉच. शिट्टी ऐकून बोट दाबेपर्यंत थोडा वेळ जातोच, म्हणून हाताने घेतलेली वेळ कमी येते. ॲथलेटिक्समध्ये 100 मीटरच्या हाताने घेतलेल्या वेळेत 0.24 सेकंद मिळवून तिची इलेक्ट्रॉनिक वेळेशी तुलना करतात. म्हणजे मित्राच्या मोबाइलवरचे 11.4 हे खरे 11.64 धरा. 11.50 अजून लांब आहे.

5) जिमचा 'वन रेप मॅक्स'. ॲप हा आकडा बऱ्याचदा सूत्राने काढतं. वजनाला रेप्सची संख्या भागिले 30 याने गुणायचं आणि ते मूळ वजनात मिळवायचं. 60 किलोचे 10 रेप्स मारले की उत्तर येतं 80. पण 80 किलो उचलले कुणी? कुणीच नाही, तो अंदाज आहे. रॉडचंही तसंच. ऑलिम्पिक रॉड 20 किलोचा असतो, साधा रॉड हलका असू शकतो. जोर-बैठकांचा आकडा ऐकलात तर प्रत्येक जोर पूर्ण खाली जात होता का, तेही विचारा.

6) गोळा कुठला? सरावाचा गोळा 5-6 किलोचा असेल तर 9 मीटरचं कौतुक नको. आधी गोळा काट्यावर ठेवा. अंतर मोजताना गोळा पडल्याची जी खूण वर्तुळाच्या सगळ्यात जवळ असेल तिथपासून, वर्तुळाच्या आतल्या कडेपर्यंत टेप धरायची.

7) घड्याळातल्या कॅलरी. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 2017 च्या अभ्यासात मनगटावरची सात उपकरणं तपासली. हृदयाचे ठोके सातपैकी सहांनी बऱ्यापैकी बरोबर मोजले. कॅलरीत मात्र सगळ्यात चांगल्या उपकरणाचीही सरासरी चूक 27 टक्के होती. त्यामुळे '800 कॅलरी जाळल्या' यावरून तुलना करूच नका.

दुसऱ्या काट्यावर वजन करा

उसाच्या भागात हे वेगळं सांगायला नको. भरलेली गाडी काट्यावर जाते, मग रिकामी जाते, आणि फरक तेवढाच ऊस. शंका आली तर शेतकरी दुसऱ्या काट्यावर वजन करून बघतो. आपल्या आकड्यालाही तोच नियम लावा:

- 50 मीटरची टेप आणून ग्राउंड एकदा नीट मोजा. आतल्या कडेपासून 30 सेंटीमीटर बाहेरून मोजायचं.
- स्टॉपवॉच दोघांकडे द्या आणि दोन्हींतली जास्त वेळ धरा.
- शक्य असेल तर शेवटच्या रेषेवर फोन उभा करून पूर्ण धावेचा एकच, न कापलेला व्हिडिओ घ्या.
- महिन्यातून एकदा पूर्ण चाचणी एकाच सकाळी, भरतीसारखी द्या. ताजेतवाने असताना एकेक प्रकार करणं वेगळं आणि थकल्यावर करणं वेगळं.

नोंद अशी लिहा: '1600 मी., टेपने मोजलेलं ग्राउंड, न थांबता, दोन स्टॉपवॉच, 5:21.' स्क्रीनशॉटपेक्षा ही एक ओळ जास्त कामाची आहे.

मित्राचा आकडा मोठा वाटला तर 'खोटं बोलतोस' म्हणायची गरज नाही. बऱ्याच वेळा तो खोटं बोलत नसतो, त्याचं ॲपच तसं दाखवत असतं. 'उद्या मोजलेल्या ग्राउंडवर सोबत पळूया का?' एवढंच विचारा. भरतीत अनेक ठिकाणी आता आरएफआयडी चिपने वेळ घेतात. तिथे स्क्रीनशॉट चालत नाही, आणि आज खरे 5:21 माहीत असतील तर 11 सेकंद कमी करायला हातात वेळ उरतो.