मायक्रोग्रॅमचा हिशेब : प्रस्तावना

आतडे निकामी झालेल्या माणसाला केवळ शिरेतून आहार देऊन जगवता येते, बाळ असेल तर वाढवताही येते, हे १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात स्टॅन्ली डड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिलाडेल्फियात दाखवून दिले. आधी बीगल जातीच्या पिल्लांवर आणि मग जन्मतः आतड्यात दोष असलेल्या एका बाळावर त्यांनी हा प्रयोग केला. शिरेतून देण्याजोगे स्निग्ध द्रावण स्वीडनमध्ये आर्विड व्रेटलिंड यांनी त्याआधीच तयार केले होते. साखर, अमिनो आम्ले, चरबी, सोडियम, पोटॅशियम असा मोठा हिशेब जुळला. उरली ती जस्त, तांबे, सेलेनियम, मँगनीज, क्रोमियम ही सूक्ष्म मूलद्रव्ये. ती दिवसाला काही मिलिग्रॅम लागतात, काही तर मायक्रोग्रॅममध्येच. हा उरलेला हिशेब कसा मांडला गेला, कुठे चुकला आणि कसा दुरुस्त झाला, हा या पुस्तकाचा विषय आहे.

या विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याने, डॉक्टराने किंवा फार्मासिस्टने एक गोष्ट आधी पक्की करावी. आतडे हा शरीराचा राखणदार आहे. जेवणातल्या मँगनीजपैकी शेकडा पाचाहून अधिक ते सहसा आत घेत नाही. जस्ताचा साठा भरलेला असेल तर ते कमी शोषते, रिता असेल तर जास्त. शिरेत सोडलेले द्रावण या राखणदाराला वळसा घालून थेट रक्तात पोचते. म्हणून आहारशास्त्रातले आकडे इथे जसेच्या तसे चालत नाहीत. शिरेतली मात्रा स्वतंत्रपणे तपासूनच ठरवावी लागते.

पहिले धडे टंचाईने दिले. तांब्याअभावी रक्तपेशी घटलेल्या बाळाची नोंद १९७२ची. पाठोपाठ न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या डॉक्टरांनी जस्ताच्या अभावाचे चित्र मांडले : तोंडाभोवती आणि गुदद्वाराभोवती चट्टे, जुलाब, केसगळती. जस्त दिले की हे सारे ओसरायचे. १९७७ साली टोरांटोत खुर्शीद जीजीभॉय यांच्या गटाने एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. काही वर्षे शिरेतल्या आहारावर असलेल्या या रुग्णाचे वजन घटत होते, नसा दुखावल्या होत्या, साखर आवरत नव्हती. क्रोमियम दिल्यावर सुधारणा झाली आणि इन्सुलिनची गरज संपली. १९७९ साली न्यूझीलंडमधूनच, जिथल्या मातीत मुळातच सेलेनियम कमी, सेलेनियम दिल्याने स्नायूंचे दुखणे थांबल्याची नोंद आली. एकेका रुग्णाच्या या नोंदींना कमी लेखू नये. बाकी सारे तसेच ठेवून एकच पदार्थ घालायचा आणि काय बदलते ते पाहायचे, ही शिस्त त्यांत होती. मात्र पदार्थ आवश्यक आहे एवढेच अशा नोंदीतून कळते. तो किती द्यावा, हे कळत नाही.

त्यासाठी शरीरात गेलेले आणि बाहेर पडलेले, दोन्ही मोजणारे समतोल-अभ्यास झाले. टोरांटोच्याच १९७९च्या अभ्यासात दिसले की लहान आतड्यातून एक लिटर द्रव वाहून गेला तर सुमारे १२ मिलिग्रॅम जस्त जाते. म्हणजे आतड्यातून द्रव बाहेर गळवणारा फिस्टुला असलेल्या रुग्णाची गरज शेजारच्या खाटेवरच्या रुग्णापेक्षा कितीतरी पटींनी अधिक असू शकते. त्याच वर्षी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या तज्ज्ञ गटाने प्रौढांसाठी मात्रा सुचवल्या. त्यात मँगनीज रोज ०.१५ ते ०.८ मिलिग्रॅम होते.

मँगनीजचा हा आकडा टिकला नाही. मँगनीज शरीराबाहेर पडते ते मुख्यतः पित्तावाटे. पित्त तुंबलेल्या रुग्णांत ते साचू लागले, आणि एमआरआयमध्ये मेंदूच्या तळाकडील केंद्रकांत त्याच्या खुणा दिसल्या. पुढे प्रौढांसाठीची शिफारस रोज ५५ मायक्रोग्रॅमवर आली. शिवाय द्रावणे वरून कितीही निर्मळ दिसली तरी त्यांत मँगनीज आणि क्रोमियम अशुद्धी म्हणून आधीपासूनच असतात. अमेरिकेत २०२० साली प्रौढांसाठी मंजूर झालेल्या मिश्रणात जस्त, तांबे, मँगनीज आणि सेलेनियम आहे. ज्या क्रोमियमने टोरांटोत कमाल केली, ते त्यात नाही.

मोजणे हीच या क्षेत्रातली सर्वांत अवघड गोष्ट आहे. अंगात दाह असला की रक्तातले जस्त आणि सेलेनियम खाली येते, तांबे वर जाते, आणि शरीराचा साठा मात्र तेवढाच असू शकतो. म्हणून रक्तातला दाहाचा निर्देशक असलेला सीआरपी न पाहता जस्ताच्या आकड्यावर मत देणे धोक्याचे. रक्त घेताना वापरलेल्या स्टीलच्या सुईतूनही नमुन्यात क्रोमियम उतरू शकते.

मग मोठ्या, यादृच्छिक विभागणीच्या चाचण्यांनी सारे सुटेल असे वाटेल. सेलेनियमची कथा इथे बोलकी आहे. सेप्सिसच्या २४९ रुग्णांवरील जर्मनीतील चाचणीने २००७ साली आशा जागवली. २०१६ साली १०८९ रुग्णांवरील चाचणीत भरपूर सेलेनियम देऊनही मृत्यू घटले नाहीत. याचा अर्थ सेलेनियम निरुपयोगी, असा नव्हे. उणीव भरून काढणे आणि औषध म्हणून मोठी मात्रा देणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. भाजलेल्या रुग्णांच्या जखमांतून तांबे, जस्त, सेलेनियम खरोखरच वाहून जाते. तिथे ते भरून दिल्यावर संसर्ग कमी झाल्याचे लोझानच्या छोट्या अभ्यासांत दिसले.

जस्त मुळीच न देता एखाद्या गटाला दीर्घकाळ ठेवणे नीतीला धरून नाही, त्यामुळे इथे बहुधा दोन मात्रांची तुलना होते. न झालेला प्रयोग कधी बाजार करून दाखवतो. २०१२-१३च्या सुमारास अमेरिकेत जस्ताच्या इंजेक्शनचा तुटवडा पडला आणि वॉशिंग्टन व ह्यूस्टनमधील बाळांत तेच जुने चट्टे पुन्हा दिसले.

पुढची प्रकरणे वाचताना प्रत्येक अभ्यासाला काही प्रश्न विचारावेत. मात्रा कोणाला दिली? त्याच्या शरीरातून काय वाहून जात होते? बाटलीत आधीच काय होते? आणि मोजले ते रक्तातले आकडे, की रुग्णाची सुधारणा? नव्या वाचकाने एवढे आणखी करावे : शिरेतल्या आहारावरचा रुग्ण हाती आला, तर काय दिले, किती वाहून गेले आणि सीआरपी किती होता, हे केसपेपरवर नीट लिहून ठेवावे. आजच्या शिफारशींची सुरुवात अशाच नोंदींतून झाली आहे.