विद्रावक-पूरके (सेंद्रिय सौर घट)

सेंद्रिय सौर घटाच्या प्रकाशशोषक थराची अंतर्रचना घडविण्यासाठी मूळ विद्रावकात अल्प प्रमाणात, सहसा आकारमानाने ०.२५ ते ३ टक्के, मिसळली जाणारी उच्च उत्कलनबिंदूची द्रवे. हा थर दाता (बहुधा बहुवारिक) व ग्राही (पूर्वी फुलरीन) यांच्या मिश्रणाचा व साधारणपणे १०० नॅनोमीटर जाडीचा असतो. प्रकाशाने निर्माण होणारा एक्सायटॉन (इलेक्ट्रॉन व विवर यांची बद्ध जोडी) सुमारे १० नॅनोमीटरच सरकू शकतो. तेवढ्यात दाता-ग्राही सीमा गाठली नाही, तर तो वाया जातो. उलट मिश्रण अतिसूक्ष्म झाले, तर विलग झालेल्या विद्युतभारांना विद्युत अग्रांपर्यंत सलग मार्ग उरत नाही.

सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात ॲलन हीगर व गिलेर्मो बाझान यांच्या गटाने २००७ मध्ये पीसीपीडीटीबीटी या बहुवारिकाच्या द्रावणात ऑक्टेनडायथायॉल मिसळले आणि घटाची कार्यक्षमता २.८ वरून ५.५ टक्क्यांवर नेली. पुढच्याच वर्षी डायआयोडोऑक्टेन (डीआयओ) अधिक सरस ठरले. पूरक निवडण्याच्या दोन कसोट्याही तेव्हाच मांडल्या गेल्या : त्यात फुलरीन विरघळावे पण बहुवारिक विरघळू नये, आणि त्याचा उत्कलनबिंदू मूळ विद्रावकापेक्षा बराच जास्त असावा. मूळ विद्रावक म्हणून वापरले जाणारे क्लोरोबेंझीन सुमारे १३२° से.ला उकळते, तर डीआयओ ३००° से.च्याही वर. थर फिरत्या काचेवर पसरवताना क्लोरोबेंझीन आधी उडून जाते. बहुवारिकाच्या साखळ्या रचल्या जातात, फुलरीन मात्र डीआयओमध्ये विरघळलेलेच राहते व शेवटी स्थिरावते.

परिणामाची दिशा मात्र एकच नसते. पीसीपीडीटीबीटीचे मिश्रण मुळात अतिसूक्ष्म असते, पूरकामुळे त्यातील घटक अधिक वेगळे होतात. पीटीबी७ या बहुवारिकात नेमके उलटे घडते : पूरकाविना फुलरीनच्या १०० नॅनोमीटरहून मोठ्या गुठळ्या होतात, ३ टक्के डीआयओने त्या लहान होतात. २०१० मध्ये या जोडीची कार्यक्षमता त्यामुळे सुमारे ४ वरून ७.४ टक्क्यांवर गेली. डीआयओ द्रावणातच फुलरीनचे पुंजके विरघळवते, असे क्ष-किरण प्रकीर्णनाने दिसले आहे. अंतिम रचनेत द्रावणाचा वाटा किती व वाळण्याचा किती, हे बहुधा जोडीगणिक बदलते. हे सर्व आकडे प्रयोगशाळेतील लहान घटांचे आहेत.

दोष : थरात उरलेल्या डीआयओचे कार्बन-आयोडीन बंध जंबुपार किरणांनी तुटतात आणि निर्माण होणारी मूलके घटाची झीज वाढवतात. हे उरलेले डीआयओ काढण्यासाठी थर निर्वातात ठेवतात किंवा मिथेनॉलने धुतात.

फुलरीनेतर ग्राही : वाय६ या ग्राहीच्या २०१९ मधील १५.७ टक्के कार्यक्षमतेच्या घटात क्लोरोफॉर्ममध्ये ०.५ टक्के क्लोरोनॅफ्थॅलीन होते. बाष्पनशील घन पूरकेही आता वापरात आहेत.

मोठ्या क्षेत्रफळाचे मुद्रण : सावकाश उडणाऱ्या पूरकांमुळे वाळवणीचा वेळ वाढतो.